पुतण्या, परवाना आणि पांढरी पाटी

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. शिवाजीनगर कोर्टातून बाहेर पडलो तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. फाटकाबाहेर तीन रिक्षा उभ्या. कोथरूड म्हटल्यावर पहिल्याने मान फिरवली, दुसऱ्याने "गॅस संपलाय" म्हटलं आणि तिसरा मोबाईलमधून वर बघायलाही तयार नव्हता. मग ॲप उघडून दुचाकी बोलावली. पाच मिनिटांत एक मुलगा हजर. विशीतला, कॉलेजची सॅक उलटी पोटाशी अडकवलेली, गाडी स्वतःची, पाटी पांढरी, म्हणजे खासगी वाहनाची. त्याने मला दुसरं हेल्मेट दिलं. त्याचा पट्टा तुटलेला होता आणि गाठ मारून चालवलेला होता. किक मारायच्या आधी तो म्हणाला, "काका, नळस्टॉपला मामा उभे असतात. कुणी अडवलंच तर मी तुमचा पुतण्या, घरी सोडायला चाललोय, एवढंच सांगा."

काका-पुतण्या या नात्याचा पुण्यातला इतिहास फारसा बरा नाही. तरी मी बसलो. नळस्टॉपला कुणी अडवलं नाही. रिक्षाला जेवढे लागले असते त्याच्या निम्म्याच्या आसपास पैसे झाले, मी दिले आणि घरी जाऊन चहा प्यायलो. छोट्या कंपन्यांचे करार आणि परवान्यांचे कागद करणं हा माझा धंदा आहे. पोलिसाला खोटं नातं सांगण्याच्या तयारीत मी पंधरा-वीस मिनिटं गाडीवर बसलो होतो, हे चहा पिताना लक्षात आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या काळात दुचाकी एकापेक्षा जास्त ॲपवर मिळत होती, आणि मुद्दा कंपनीचा नाही.

मुद्दा त्या मुलाच्या एका वाक्याचा आहे. उतरल्यावर मी विचारलं होतं, "बेकायदा आहे ना रे हे?" तो म्हणाला, "नाही काका, याला अजून नियमच नाहीये."

पुढच्या सहा महिन्यांत पुण्याच्या आरटीओपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जे प्रकरण गेलं, ते "नियम नाही" या दोन शब्दांवरच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या ज्युनिअर मुलांना मी ते मुद्दाम वाचायला देतो, कारण वर्तमानपत्रात ते एका रूपात आलं आणि कागदावर अगदी वेगळं आहे.

कागद काय म्हणतात

बातम्यांमधली मांडणी ठरलेली होती. एका बाजूला नवं तंत्रज्ञान, स्वस्त प्रवास, कॉलेजच्या पोरांना चार पैसे. दुसऱ्या बाजूला १९८८ चा जुनाट मोटार वाहन कायदा आणि रिक्षा संघटनांची दांडगाई. वाचणारा कुठल्या बाजूला झुकणार हे आधीच ठरलेलं.

पण भाड्याने दुचाकीवर माणूस नेणं नवं कसं? गोव्यात बसमधून उतरलात की पिवळ्या मडगार्डचे 'पायलट' उभे असतात, आणि ते स्मार्टफोनच्या कितीतरी आधीपासून उभे आहेत. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत भाड्याने चालणारी मोटारसायकल परिवहन वाहनांच्या यादीत आहे. एवढंच काय, त्याच 'जुनाट' कायद्याचं कलम १७८(३) उघडून बघा. परवानाधारकाने प्रवासी नेण्यास नकार दिला तर दंड किती, हे सांगताना कलम म्हणतं, "दुचाकी किंवा तीनचाकी" असेल तर पन्नास रुपयांपर्यंत. म्हणजे भाड्याची दुचाकी कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. (आणि कोथरूडला नाही म्हणणाऱ्या त्या तिघांच्या गुन्ह्याची केंद्रीय कायद्यातली किंमतही तीच, पन्नास रुपये. प्रवासी ॲपकडे का वळला याचं अर्धं उत्तर इथंच आहे.)

जे खरोखर नवं होतं तेही कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलं होतं. प्रवासी आणि चालक यांची डिजिटल गाठ घालून देणारा तो ॲग्रीगेटर, ही व्याख्या कलम २ मध्ये आली आणि ॲग्रीगेटरला राज्याचा परवाना लागेल हे कलम ९३ मध्ये. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली. मागणी वाढली तरी भाडं मूळ भाड्याच्या दीडपटीपुढे नको आणि भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला, अशी त्यात बरीच तपशीलवार कलमं होती. राज्याला वाटलं तर ती वापरावीत, नाहीतर स्वतःचे नियम करावेत.

महाराष्ट्राने दोन्ही केलं नाही. २०१७ मध्ये सिटी टॅक्सी नियम केले, ते कोर्टकज्ज्यात अडकले. पुढे मसुदे निघाले, ते मसुदेच राहिले. शेवटी ॲपवरच्या टॅक्सीबद्दल तक्रार कुठं करायची हाच प्रश्न घेऊन एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की राज्याचे नियम होईपर्यंत केंद्राची तत्त्वं धरा आणि सगळ्या कंपन्यांनी १६ मार्चपर्यंत परवान्यासाठी अर्ज करावेत.

त्यानुसार ॲपवरून बाईक टॅक्सी देणाऱ्या रॅपिडोने, म्हणजे कागदोपत्री रॉपेन ट्रान्सपोर्टेशन सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेडने, पुण्याच्या आरटीओत अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. कंपनी हायकोर्टात गेली, हायकोर्टाने फेरविचार करायला सांगितलं आणि २१ डिसेंबर २०२२ रोजी आरटीओने पुन्हा नकार दिला. कारण असं, की बाईक टॅक्सीला परवाना देण्याबाबत राज्याचं धोरण नाही आणि तिचं भाडंही ठरलेलं नाही.

हे कारण पुन्हा एकदा वाचा. धोरण करायचं कुणी? सरकारने. केलं नाही कुणी? सरकारने. आणि म्हणून परवाना मिळणार नाही कुणाला? अर्जदाराला. तलाठ्याने सातबारा लिहायचा नाही आणि मग "तुमचा सातबारा कुठाय?" म्हणून विचारायचं, तसा हा प्रकार. इथवर कंपनीची बाजू मला पटते.

पण नकार आला तेव्हा सेवा सुरूच होती. अर्ज करताना सुरू होती, पहिल्यांदा नाकारला तेव्हाही सुरू होती. हॉटेलवाला परमिट रूमचा अर्ज करून लगेच बाटल्या मांडत नाही, निदान उघड्यावर तरी नाही. कंपनीने "नियम नाही" याचा अर्थ 'मोकळीक आहे' असा लावला. सरकारने त्याच शब्दांचा अर्थ 'बंदी आहे' असा लावला. दोन्ही अर्थ सोयीचे होते आणि दोघांनाही त्या सोयीची किंमत मोजावी लागत नव्हती. ती पांढऱ्या पाटीवाला पोरगा आणि त्याच्या मागे बसलेला मी, आम्ही मोजत होतो.

किंमत म्हणजे काय, ते सांगतो. त्या दिवशी रात्री मी माझ्या स्वतःच्या स्कूटरची पॉलिसी काढली. पहिल्या पानावर रक्कम, इंजिन नंबर, नॉमिनी. त्याखाली बारीक अक्षरांत 'वापराची मर्यादा'. तिथं लिहिलेलं होतं, की भाडं किंवा मोबदला घेऊन वापरल्यास ही पॉलिसी लागू नाही. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत हा मजकूर सगळीकडे सारखाच असतो. त्या मुलाच्या पॉलिसीतही असणार. म्हणजे नळस्टॉपच्या सिग्नलला एखादी पीएमटी घासून गेली असती, तर त्याच्या विमा कंपनीला हात वर करायला सबळ कारण होतं. त्यात अनेक मुलांकडे फक्त थर्ड पार्टी विमा असतो, आणि तसल्या पॉलिसीत दुचाकीवर मागे फुकट बसलेला माणूस आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच तिलक सिंग प्रकरणात सांगून ठेवलंय. गंमत पाहा. मी पुतण्याच्या मागे फुकट बसलोय म्हणावं तर त्या पॉलिसीत मी नाही आणि पैसे देऊन बसलोय म्हणावं तर पॉलिसीच नाही. ॲप स्वतःचा अपघात विमा देत असेल तर चांगलंच, पण त्याच्या अटी ॲप ठरवणार.

दंडाचं गणितही बघण्यासारखं आहे. परवान्याशिवाय वाहन भाड्याने चालवलं तर कलम १९२-अ, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड. हा चालकाला. परवान्याशिवाय ॲग्रीगेटर म्हणून धंदा केला तर कलम १९३, किमान पंचवीस हजार आणि जास्तीत जास्त एक लाख. हा कंपनीला. एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे पुण्यातल्या अर्जानंतरच्या महिन्यात, रॅपिडोने गुंतवणूकदारांकडून अठरा कोटी डॉलर उभे केल्याची बातमी आली होती. त्या रकमेपुढे एक लाख म्हणजे वडापावचं सुट्टं. पोराला मात्र दहा हजार म्हणजे एखाद-दोन महिन्यांची कमाई. ज्या कायद्यात मोठ्याला दंड परवडतो, तिथं तो दंड धंद्याच्या खर्चात धरला जातो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या कंपन्यांच्या एक्सेल शीटमध्ये मी तो रकाना पाहिलेला आहे. नाव असतं 'रेग्युलेटरी रिस्क'.

संगमपुलाजवळची सकाळ

२८ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातल्या रिक्षा बंद होत्या. संगमपुलाजवळ, आरटीओच्या परिसरात रिक्षा आणून उभ्या केल्या होत्या आणि तो भाग दिवसभर तुंबला होता. मला कोर्टात पोचायचं होतं म्हणून स्टेशनपासून चालत निघालो. वाटेत आमच्या गल्लीतला एक ओळखीचा रिक्षावाला भेटला. माझ्यापेक्षा वयाने मोठा, त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो.

मी म्हटलं, "अण्णा, लोकांना स्वस्त मिळतंय तर तुम्ही अडवणार का?"

अण्णा म्हणाले, "वकीलसाहेब, स्वस्त कसं मिळतंय ते बघा ना. माझा परवाना, माझा बॅज, दर वर्षी पासिंग, कमर्शियल इन्शुरन्स. सप्टेंबरात भाडं वाढवलं तर मीटर कॅलिब्रेट करायला पुन्हा मीच रांगेत. त्याला काय? मोबाईल. एवढं सगळं मला सोडायला सांगा, मीपण स्वस्त नेतो."

याला उत्तर देणं कठीण होतं. १ सप्टेंबर २०२२ पासून पुण्यात रिक्षाचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये झालं होतं. ते रिक्षा-टॅक्सीच्या भाड्यासाठी राज्याने नेमलेल्या खटुआ समितीच्या सूत्रावर बसवलेलं. गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, चालकाचा निर्वाह असं सगळं त्या सूत्रात जातं आणि आकडा बाहेर येतो. त्याच्या शेजारी ज्या भाड्यात विमा नाही, पासिंग नाही आणि गुंतवणूकदाराच्या पैशातून सवलत आहे ते भाडं ठेवलं, तर दुसरं स्वस्त दिसणारच. त्या स्वस्ताईत तंत्रज्ञानाचा वाटा किती आणि टाळलेल्या खर्चाचा किती, हे वेगळं करून दाखवणारी बातमी निदान माझ्या वाचनात आली नाही.

अण्णांच्या बाजूलाही भोकं आहेत. मीटर लावायला नको, स्टेशनवरून रात्री दुप्पट, जवळचं भाडं नको. हे मी त्यांना बोललो, तर म्हणाले, "सगळे तसे नाहीत." सगळे तसे नाहीत हे खरंच. पण कोर्टाबाहेरचे तिघे तसेच होते.

वधू-वर सूचक मंडळ

आरटीओच्या नकारावरून हायकोर्टात गेलेल्या रॅपिडोच्या याचिकेची सुनावणी १३ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठापुढे झाली. बाईक टॅक्सी, रिक्षा, पार्सल, कशालाच परवाना नाही हे समोर आल्यावर न्यायालयाने सेवा ताबडतोब थांबवायला सांगितलं आणि २० जानेवारीपर्यंत त्या राज्यभर बंद ठेवण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली. दुसऱ्या दिवशीचे मथळे बंदीचे होते. बंदी कुणी घातलीच नव्हती. परवाना नव्हता, एवढंच. दुकानाला शटर लावलं आणि दुकानाला लायसनच नव्हतं, या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

सरकारने मधल्या काळात आणखी एक उद्योग केला. १९ जानेवारीला, म्हणजे पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी, परिवहनेतर, म्हणजे खासगी पाटीची, वाहनं ॲग्रीगेटरसाठी आणि राइड पूलिंगसाठी वापरायला मनाई करणारी अधिसूचना काढली. इतकी वर्षं धोरण करायला वेळ मिळाला नाही आणि मनाई मात्र रातोरात. घाई इतकी, की हिंजवडीला एकाच मोटारीतून जाणारी आयटीवाली मंडळीही ॲपवरून जमत असतील तर त्या जाळ्यात आली. पेट्रोल आणि गर्दी वाचवणारी चांगली सवय, पण अधिसूचना लिहिणाऱ्याला दुचाकी सोडून दुसरं काही दिसत नसावं.

२० जानेवारीला हायकोर्टाने याचिका फेटाळली. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानेही दिलासा दिला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वैध परवान्याशिवाय कुणालाही ॲग्रीगेटर म्हणून काम करता येणार नाही, आणि नव्या अधिसूचनेला आव्हान द्यायचं तर हायकोर्टात जा, असं सांगितलं. "नियम नाही" याचा हा तिसरा अर्थ, आणि मला तोच बरोबर वाटतो. परवाना ही अट कायद्यात आहे. नियम नसतील तर त्यासाठी सरकारला कोर्टात खेचा, तो तुमचा हक्क. पण निकाल लागेपर्यंत दुकान उघडं ठेवणं हा हक्क नाही.

"आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत" हे वाक्य या धंद्यात जगभर ऐकू येतं. कंपनी म्हणते, आम्ही वाहतूक करत नाही, दोघांची गाठ घालून देतो. आपल्याकडे गाठ घालून देणारी संस्था शंभर वर्षांपासून आहे, वधू-वर सूचक मंडळ. पण सदाशिव पेठेतलं कुठलंही मंडळ तुमचं लग्न कुणाशी होणार हे स्वतः ठरवत नाही, हॉलचं भाडं पावसाप्रमाणे कमीजास्त करत नाही, नवऱ्याला पाचपैकी तारे देत नाही आणि तारे कमी पडले म्हणून त्याला घराबाहेर काढत नाही. भाडं, चालक, मार्ग, शिक्षा, सगळं जो ठरवतो तो नुसता मध्यस्थ कसा? युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पेनच्या टॅक्सीवाल्यांच्या दाव्यात उबरची सेवा ही वाहतूक सेवाच आहे असं म्हटलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्या चालकांना कामगार म्हणून हक्क आहेत असं सांगितलं. आपल्या व्याख्येत मात्र 'डिजिटल मध्यस्थ' हाच शब्द बसला. २०१९ मध्ये तो शब्द निवडताना कुणी फार विचार केला असेल असं वाटत नाही, पण प्रत्येक नोटिशीच्या उत्तरात कंपन्या तोच पुढे करतात. मीही माझ्या अशिलांसाठी पुढे केलेला आहे, फी घेऊन.

मग नियम आले

निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अहवाल आला, सरकारं फिरली. १ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने बाईक टॅक्सीला मंजुरी दिली आणि जुलैमध्ये महाराष्ट्र बाईक-टॅक्सी नियम २०२५ निघाले. गाडी विजेवरचीच हवी, रंग पिवळा हवा, परवाना मागणाऱ्याकडे किमान ५० गाड्या हव्यात, एक फेरी १५ किलोमीटरपर्यंत. भाडं त्यानंतर ठरलं, पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे.

हिशेब करून पाहिला. सहा किलोमीटरला रिक्षाने २५ अधिक साडेचार गुणिले १७, म्हणजे एकशेएक रुपये पन्नास पैसे. याच अंतराला बाईक टॅक्सीने एकसष्ट रुपये वीस पैसे. सरकारच्या आकड्यानेही दुचाकी चाळीस रुपयांनी स्वस्तच निघते, आणि यात विमा, परवाना सगळं धरलेलं आहे. म्हणजे कायदेशीरपणे स्वस्त देता येत होतं. तीन वर्षांपूर्वीच हा तक्ता करायला काय अडचण होती, ते मंत्रालयालाच माहीत. आणि अण्णांनाही याचं उत्तर द्यावं लागेल, कारण आता समोरच्याकडे फक्त मोबाईल आहे असं म्हणता येणार नाही.

फक्त या नियमांत तो पुतण्या कुठं बसत नाही. त्याची गाडी पेट्रोलची, पांढऱ्या पाटीची, आणि एकच. कॉलेज सुटल्यावर दोन तास स्वतःची गाडी चालवून फी भरणाऱ्या ज्या मुलाच्या नावाने हा सगळा धंदा विकला गेला, त्याला आता पन्नास गाड्यांच्या मालकाकडे पाळीवर जावं लागेल. त्याच जुलैत केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात राज्याला वाटल्यास पांढऱ्या पाटीच्या मोटारसायकलीही चालवू द्याव्यात असं आहे. एकाच महिन्यात दिल्ली म्हणते चालेल आणि मुंबई म्हणते पिवळीच हवी. दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले आहेत.

त्याच सुमारास परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी मंत्रालयाजवळ स्वतः ॲपवरून बेकायदा बाईक टॅक्सी बोलावून पकडून दाखवली. कॅमेरे होते, बातम्या झाल्या. मंत्र्याला बाईक टॅक्सी मिळायला जेमतेम काही मिनिटं लागली, यात कुणाचं कौतुक आणि कुणाची फजिती, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

दुचाकीपुरतंच हे आहे असं वाटत असेल तर चारचाकीचंही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने वातानुकूलित टॅक्सीचं भाडं ठरवलं, पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढे २५. ॲपवरचं भाडं त्यापेक्षा कमी, म्हणून चालकांची ओरड सुरू झाली. ११ मार्च २०२४ रोजी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या याच प्राधिकरणाने ओला आणि उबरचे चारचाकीच्या परवान्याचे अर्ज फेटाळले. ज्युनिअरने सकाळी बातमी वाचून दाखवली आणि विचारलं, "सर, मग आता गाड्या बंद होणार?"

दुपारी त्याला विमानतळावर अशिलाला आणायला पाठवायचं होतं. त्याने ॲपवरून गाडी बोलावली. ती चार मिनिटांत दाराशी आली.